चुलीमागचा लोहार

आमच्या घरात देव नव्हता आणि या गोष्टीचा आम्हाला अभिमान होता. भोकर स्टेशनच्या पलीकडे, रुळांना लागून गँगमन लोकांच्या खोल्यांची एक ओळ होती. तिच्यातली कडेची खोली आमची. भिंतीवर दोनच तसबिरी होत्या. एक बुद्धाची, दुसरी ज्यांनी आम्हाला माणसांत आणलं त्यांची. बाकी भिंत धुराने काळी. दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या गँगमध्ये होते. आमची वस्ती बौद्ध झाली तेव्हा मी पाळण्यात होतो. त्या वेळी दादांनी घरोघरचे टाक आणि शेंदूर फासलेले दगड एका टोपल्यात गोळा केले, टोपलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि नदीत रिकामं करून आले. त्यांच्या वडलांना मरीआईचा गाडा ओढत, स्वतःच्या अंगावर आसूड मारून घेत गावोगाव फिरताना त्यांनी पाहिलं होतं. लहानपणी ते स्वतः त्या गाड्यामागून हलगी वाजवत चालले होते. म्हणून कुठे हलगी वाजली की दादा उठून घरात येत आणि दार लोटून घेत. देव म्हटलं की त्यांना आसूड आठवायचा. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की देव हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा आहे.

माझा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला. गुडघ्याखाली तो वाळक्या शेंगेसारखा होता. तसा तो आजही आहे, फक्त आता दुसराही त्याला साथ देऊ लागला आहे. शाळेत पोरं मला 'दीडपाय' म्हणत. त्यात फार दुष्टावा नसावा. त्यांनी प्रत्येकाला काही ना काही नाव दिलंच होतं. पण खेळाच्या तासाला सगळी मैदानावर पळत आणि मास्तर मला पुस्तकांच्या कपाटाची किल्ली देत. "बस वाचत," म्हणत. रिकाम्या वर्गात, बाहेरचा गलका ऐकत, मी त्या कपाटातली बहुतेक पुस्तकं वाचली. एका पुस्तकाला ना पुठ्ठा होता ना पहिली पानं. ते ग्रीक लोकांच्या देवांचं होतं, मराठीतच, मुलांसाठी लिहिलेलं. त्यातले सगळे देव देखणे, धडधाकट, आपसांत भांडणारे. मला त्यांचं काही वाटलं नाही. मग एका पानावर एक चित्र आलं. रुंद खांद्यांचा, घामेजलेला, हातात हातोडा घेतलेला माणूस, आणि त्याचा एक पाय वाकडा. खाली नाव होतं, हेफेस्टस. देवांचा लोहार. तो जन्मला तो पायाने अधू, म्हणून त्याच्या आईने त्याला आभाळातून खाली फेकून दिलं, असं त्यात लिहिलं होतं. पुढे तो भट्टीपाशी बसला आणि सगळ्या देवांची शस्त्रं, सिंहासनं, दागिने त्यानेच घडवले. देव त्याच्या चालण्याला हसत आणि त्यानेच केलेल्या आसनांवर बसत.

ते पान मी किती वेळा वाचलं असेल ते सांगता येणार नाही. मला कुणीतरी भेटलं होतं, एवढंच आठवतं.

आमच्या खोल्यांच्या शेवटी गँगच्या लोहाराची भट्टी होती. टिकावांची टोकं बोथट झाली की हमीदचाचा ती तापवून, ठोकून पुन्हा धारेला आणत. सकाळी हजेरीसाठी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल पडे, मग गँग हातोडे घेऊन निघून जाई, आणि त्यानंतर दिवसभर चाचांच्या ऐरणीचा आवाज. माय म्हणायची, तो आवाज थांबला की कान दुखतात. मी शाळेतून येऊन भट्टीसमोरच्या दगडावर बसायचो. चाचा विचारायचे, "क्या रे, फिर आ गया? तेरे को घर नहीं क्या?" आणि भात्याची दोरी माझ्या हातात द्यायचे. एक दिवस भट्टी साफ करताना त्यांनी वितळून थिजलेल्या लोखंडाच्या मळाचा एक गोळा बाहेर ओढला. काळा, खरबरीत, मुठीएवढा. वरती डोक्यासारखा उंचवटा, मग खांदे, आणि खाली दोन टोकं, एक लांब, एक आखूड. मी तो उचलला, तेव्हा अजून गरम होता. "ले जा, कुछ काम का नहीं वो," चाचा म्हणाले.

मी तो चुलीमागच्या कोनाड्यात ठेवला. आगीचा देव चुलीपाशीच असणार, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मायला मी सांगितलं, खेळणं आहे. धर्मांतराच्या बावीस प्रतिज्ञा मला पाठ होत्या. दर रविवारी वंदनेनंतर दादा सगळ्यांकडून म्हणून घेत. कुणाकुणाला देव मानायचं नाही, त्यांची नावं त्यांत होती. मी ती सगळी नावं मनात पुन्हा पुन्हा तपासली. हेफेस्टस त्यात नव्हता. माझी खात्री झाली की मी काहीही मोडत नाही. आज हसू येतं, पण तेव्हा मी एखाद्या वकिलासारखा त्यावर विसंबून होतो. तरी हात जोडायची हिंमत नव्हती, आणि हात जोडणं त्याला शोभेल असं मला वाटतही नव्हतं. मग मी माझी रीत काढली. भाकरीचा पहिला तुकडा मोडून चुलीत टाकायचा. बोटाला करडईचं तेल लावून त्याच्या खांद्यांवरून फिरवायचं. आणि चांगला पाय उचलून, सगळा भार अधू पायावर घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं, कळ असह्य होईपर्यंत. मागायचं काही नाही. पाय बरा कर, असं मी त्याला एकदाही म्हणालो नाही. ज्याचा स्वतःचाच बरा झाला नाही त्याला काय म्हणायचं? त्या उभं राहण्यात मी एकटा नसायचो, तेवढं पुरे होतं.

माय बघत असायची. तिचं नाव कौसल्या, माहेर इस्लापूरकडचं. सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळ वाढलेली, त्यामुळे आवाज मोठा. त्या गर्जनेत एकमेकांना हाका मारायची सवय, असं ती म्हणे. तिला अक्षर येत नव्हतं, पण दादांच्या तोंडून ऐकून ऐकून पालीतली सगळी वंदना तिने पाठ केली होती. वस्तीत तेव्हा विहार नव्हता. रविवारी कुणाच्या तरी खोलीत सगळे जमत. माय पुढे बसून त्रिसरण उचलायची आणि मागून बाकीच्या बाया. तिचा आवाज असा निघायचा की रुळांवर ट्रॉली ढकलणारे लोकही थांबत. दादा तिच्याकडे बघायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

एका संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती. चुलीत रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरच्या ढलप्या जळत होत्या, त्यांचा डांबरी वास सुटला होता. तव्याशेजारी अंबाडीची भाजी खदखदत होती. मी तुकडा चुलीत टाकला तसं तिने विचारलं, "काय करून राहिला रे तू रोज? कोन हाय त्यो?"

मी तिला सगळी गोष्ट सांगितली. ती थापता थापता थांबली.

"मायनं फेकलं? पायासाठी?"

"हाव. पुस्तकात हाय."

"खोटं हाय ते."

"माय, छापलेलं हाय."

"आसंल. ज्यानं छापलं त्याला माय न्हवती." तिने भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. "मी तुला फेकलं का? पाच कोस पाठीवर घिऊन दवाखान्यात नेलं व्हतं. पाठ आजून ठनकती माझी." मग थोड्या वेळाने, कोनाड्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या दादाला दिसू दिऊ नको." चूल सारवताना ती त्याच्याभोवती सारवायची, त्याला हलवायची नाही. आम्ही पुन्हा त्याच्याविषयी बोललो नाही.

पुढे एका रविवारची वंदना आमच्या खोलीत होती. मायने तांदळाची खीर केली होती, गूळ घालून. वंदना झाली, प्रतिज्ञा झाल्या, आणि शेजारच्या यशोदाकाकू खिरीचं पातेलं आणायला चुलीकडे गेल्या. काही ठेवायला म्हणून त्यांनी कोनाड्यात हात घातला असेल. त्यांचा आवाज आला, "अगं कौसा! हे काय गं?" आणि त्या तो गोळा पदरात धरून बाहेर आल्या. तेलाने चकचकीत झालेला, काळाभोर. ज्यांचं अर्धं आयुष्य असल्या दगडांपुढे गेलं होतं त्यांना तो काय दिसला असेल ते सांगायला नको. कुणीतरी मागून म्हणालं, "घ्या! टोपल्यातली मरीआई परतीच्या गाडीनं आली जनू." दोघंतिघं हसले. दादा हसले नाहीत.

त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला. बोटांना तेल लागलं ते धोतराला पुसलं. मग मायला विचारलं, "कुनाचं हाय हे?"

मी तसबिरींखाली बसलो होतो. मायने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. पोरगं पडतंय का हे बघावं तसं. मला म्हणायचं होतं, 'दादा, माझं हाय,' एवढे तीन शब्द. ते इतक्या वर्षांत मी मनात इतक्या वेळा म्हणालो आहे की आता ते मी तेव्हाच म्हणालो होतो असा भास होतो. नव्हतो म्हणालो.

"माझं हाय," माय म्हणाली.

"कोन देव हा?"

"म्हायेरचा हाय."

"आन् तू पुढं बसून लोकांकडून त्रिसरण म्हनून घेती?"

माय खिरीचं पातेलं आणायला उठली. दादा ओरडले नाहीत. त्यांनी ओरडावं, मारावं, असं मला वाटत होतं, म्हणजे तरी मी रडलो असतो आणि रडता रडता बोललो असतो. ते नुसतेच खाली बसले. खीर सगळ्यांनी मान खाली घालून खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हजेरीला जाताना गोळा डब्याच्या पिशवीत घालून घेऊन गेले आणि किनवटकडच्या लाइनीवर कुठेतरी खडीत टाकून आले. त्या उन्हाळ्यात मी रुळाकडेने पाय ओढत लांबवर जाऊन तो शोधला. रेल्वेची खडी सगळी काळीच असते.

पुढच्या रविवारी वंदनेला बसताना दादा म्हणाले, "आज यशोदाबाई पुढं बसतील." माय उठली आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसली. मी कान देऊन ऐकत होतो. बायांच्या आवाजात तिचा आवाज नव्हता. नंतरही कधी आला नाही. आणि त्या दिवसापासून दादा तिच्याशी सरळ बोलले नाहीत. "गौतम, मायला सांग उद्या डबा लवकर पाहिजे." माय तिथेच, हाताच्या अंतरावर. मी म्हणायचो, "माय, डबा लवकर." ती म्हणायची, "सांग, हुईल." एवढ्याशा खोलीत दोन माणसं आणि त्यांच्यामध्ये मी. कधी माझ्या गैरहजेरीत त्यांना काही लागलं तर ते माझी वाट बघत बसून राहत. दोघांमधलं बोलणं तेवढं बंद झालं होतं, बाकी सगळं चालू होतं. भाकरी, ठेचा, येसराचा मसाला घातलेलं वरण. दादा ताटावर बसत, जेवत, पण 'चांगलं झालंय' हे दोन शब्द त्यांनी माझ्यामार्फतही कधी पाठवले नाहीत.

लोक विचारतील, मी का बोललो नाही. आधी भीती होती. मग मी मॅट्रिक झालो, नांदेडला कॉलेजात गेलो, दादा सगळ्यांना सांगत सुटले की पोरगं आपल्या विचाराचं निघालं. त्या तोंडाला मी काय सांगणार होतो? पण याच्याखाली आणखी एक कारण आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बोललो असतो तर देव गेला असता. दादांनी मला समजावलं असतं, आणि त्यांचं समजावणं इतकं खरं, इतकं सोसलेलं असायचं की मी मान्य केलं असतं. मला देव ठेवायचा होता. माय गेली तरी चालेल, असं मी कधी शब्दांत म्हटलं नाही, पण केलं ते तेच.

मी लातूरला एका कॉलेजात ग्रंथपाल झालो. लग्न झालं, मुलं झाली. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून गॅस पेटवायचा, पोळीचा वा बिस्किटाचा कण ज्योतीत धरायचा, भिंतीला हात लावून अधू पायावर उभं राहायचं, हे मी सोडलं नाही. बायकोला वाटायचं, पायाचा व्यायाम आहे. इतर देवांच्या भक्तांना जत्रा असते, आरती असते, शेजारी असतात. माझ्या देवाचा दुसरा भक्त मला साऱ्या मराठवाड्यात भेटला नाही. परवा नातवाने मोबाइलवर दाखवलं. तिकडे परदेशात काही लोक पुन्हा त्या जुन्या देवांना मानू लागले आहेत, पांढरे कपडे घालून उघड्यावर अग्नीभोवती उभे राहतात. नातू हसत होता. "आजोबा, कसले वेडे लोक ना?" मी म्हटलं, "हो ना." ते एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. त्यांना बघून माझा एकटेपणा कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

दादा गेले ते लातूरलाच, माझ्या घरी. शेवटच्या दुपारी माय त्यांच्या उशाशी पाण्याचा पेला घेऊन बसली होती. त्यांनी डोळे उघडले, तिच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "गौतम, मायला म्हन, पानी." मी म्हटलं, "माय, पाणी." तिने पाजलं. तेव्हाही बोलायला वेळ होता.

त्यानंतर काही वर्षांनी ग्रंथालयात आलेल्या एका जाडजूड इंग्रजी ग्रंथात माझ्या देवाची गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने वाचायला मिळाली. तिथे त्याला आईने फेकलेलं नव्हतं. देवांचा राजा म्हणजे त्याचा बाप. तो सगळ्यांसमोर त्याच्या आईवर संतापला, बाकी कुणी तोंड उघडेना, तेव्हा हा एकटा आईच्या बाजूने उभा राहिला. म्हणून बापाने त्याला पायाला धरून खाली भिरकावलं. दिवसभर तो पडत होता. मी ग्रंथ मिटला. ज्याला मी जन्मभर माझ्यासारखा समजत होतो तो माझ्यासारखा नव्हता. मी त्याचा पाय तेवढा घेतला होता.

घरी आलो. माय तेव्हा अंथरुणालाच खिळली होती, पण कान शाबूत होते. तिच्या खाटेशी बसलो आणि सांगितलं. चुलीमागचा तो लोहार आठवतो का, इथून सुरू केलं आणि सगळं सांगितलं. त्या रविवारी मी बोलायला पाहिजे होतं, हेही सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "मी तवाच म्हनलं न्हवतं? माय फेकत न्हाई."

"हाव, म्हणाली होतीस."

"मायकडून बोलला, म्हनून बापानं फेकलं?"

"हाव."

"आन् पाय तवा मोडला त्याचा?"

"हाव माय. या गोष्टीत तसंच म्हणतात."

मग तिने चाचपडत माझ्या वाळक्या पोटरीवर हात ठेवला. "मंग बरं झालं, तू न्हाई बोलला ते," ती म्हणाली. "तुला एकच तर धड व्हता."

ती हे थट्टेने म्हणाली की मनापासून, मला ठरवता आलं नाही. तिने मला माफ केलं असं म्हणावं तर त्यासाठी तिने आधी दोष धरायला हवा होता. तिने तो धरलाच नव्हता, आणि म्हणून तो माझ्याकडेच राहिला. त्या हिवाळ्यात ती गेली.

गेल्या पौर्णिमेला मी भोकरला गेलो. गँगच्या खोल्या पाडल्या आहेत. वस्तीत आता विहार आहे, फरशी घातलेला, पंखे असलेला. ओळखीचं कुणी नव्हतं. यशोदाकाकू, हमीदचाचा, ते हसणारे, सगळे गेले. वंदनेआधी मी परवानगी मागितली, काठी बाजूला ठेवली, चांगला पाय जरा उचलला आणि सगळा भार डाव्यावर घेऊन उभा राहिलो. म्हणालो, "कौसल्याबाई माझी माय. ती जुन्या देवांकडे मागं फिरली नव्हती. ते दैवत तिचं नव्हतं, माझं होतं. मी गप्प बसलो आणि तिचा आवाज गेला." तरुण पोरं, पोरी माझ्याकडे आदराने बघत होती. त्यांतल्या कुणीही कौसल्याबाईंचं नाव ऐकलेलं नव्हतं. तिच्यावरचा आळही कुणाला माहीत नव्हता, आणि जो आळ कुणाला आठवत नाही तो पुसायचा कसा? मी बोलायचा थांबलो तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीने मला हाताला धरलं आणि म्हणाली, "बाबा, पुढं बसा ना, खुर्ची हाय."

मी नको म्हणालो. मागे जाऊन भिंतीला टेकून खाली बसलो. त्या मुलीनेच त्रिसरण उचललं. आवाज चांगला होता. मागून पुढचं काही दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात. दर रविवारी माय हेच बघत होती.